दिवाणाखालचं कर्जत

आमच्या घरात कर्जत स्टेशन दिवाणाखाली आहे. रविवारी सकाळचा दुसरा चहा झाला की मी गुडघ्यांवर बसून ते बाहेर ओढतो. सहा फूट बाय तीन फुटांची प्लायवूडची फळी, खालून तिला चाकं, आणि वर कर्जत, एक बोगदा, निम्मा बोरघाट आणि खंडाळ्याचा थोडासा भाग. अख्खा खंडाळा मावत नव्हता. फळीबरोबर दिवाणाखालचा इतर मालही बाहेर येतो: दिवाळीपासून सापडत नसलेली सोऱ्याची चकती, नातवाचा एक मोजा, एकदा तर पुरणयंत्राचं हँडल. सौ. त्यासाठी बाजूला उभीच असते. माझ्या रेल्वेने आमच्या संसाराला मिळवून दिलेला महसूल एवढाच.

फळी बाहेर आली म्हणजे आता आजोबा खेळणार, असं बघणाऱ्याला वाटतं. तसं नसतं. आधी रूळ पुसायचे असतात. या गाडीची वीज रुळांतूनच येते. एका रुळातून निघते, चाकावाटे इंजिनात शिरते, मोटर फिरवते आणि दुसऱ्या रुळाने परत जाते. सगळा कारभार बारा व्होल्टचा, म्हणजे अगदीच गरिबीचा. रुळावर धूळ बसली, केस पडला, पावसाळी दमट हवेने रूळ जरा काळवंडला, की वीज तिथेच थबकते आणि गाडी उभी. म्हणून मऊ फडकं, स्पिरिट आणि एक बोट एवढ्या सामग्रीनिशी मी कर्जतपासून खंडाळ्यापर्यंत जातो. आठवड्याभरात फडक्यावर येणारी काजळी बघितली की पुण्याच्या हवेबद्दल पेपरात वाचायची गरज उरत नाही. रूळ झाले की चाकं. चाकं झाली की चाकांना टेकणाऱ्या तांब्याच्या केसाएवढ्या पट्ट्या. नातू पूर्वी "आजोबा, गाडी लावा" म्हणायचा. आता विचारतो, "आज लावणार आहात की नुसती पुसणार?"

गाडी एचओ मापाची आहे, म्हणजे खऱ्या गाडीच्या एक सत्याऐंशीअंश. सत्याऐंशी हा आकडा कुठून आला, असं लोक विचारतात. एक फूट म्हणजे साडेतीन मिलिमीटर, असा हिशेब कुणीतरी पूर्वी ठरवला. फूट एका घरातला, मिलिमीटर दुसऱ्या घरातला. त्यांचं लग्न लावल्यावर जे अपत्य झालं ते सत्याऐंशी. या मापात रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर असतं आणि ते युरोप-अमेरिकेतल्या १४३५ मिलिमीटरच्या गेजला चपखल बसतं. आपली ब्रॉडगेज मात्र ऐसपैस, १६७६ मिलिमीटरची. तिला सत्याऐंशीने भागलं तर १९.३ येतात. बाजारात तयार मिळणाऱ्या रुळांवर आपली गाडी चालवायची तर तिला पावणेतीन मिलिमीटर पाय जवळ घेऊन चालावं लागतं. जन्मभर धोतर नेसलेल्या माणसाला तंग विजार घालून लग्नाला न्यावं, तशी माझी डेक्कन क्वीन थोडी अवघडून धावते. दुसऱ्या कुणाला ते कळत नाही. मला मात्र ती समोरून येताना दिसली की दर वेळी कळतं, आणि मी दुसरीकडे बघतो.

या छंदात माणूस भागाकार करत जगतो. पुणे ते मुंबई १९२ किलोमीटर. भागा सत्याऐंशीने: दोन किलोमीटर दोनशे मीटर. एवढा दिवाण कोणी बनवत नाही. बरं, मुंबईचा मोह सोडला आणि फक्त कर्जत ते लोणावळा घेतलं, तर अठ्ठावीस किलोमीटरचे तीनशे बावीस मीटर होतात. म्हणजे आमच्या सोसायटीच्या फाटकातून निघून दुधाच्या दुकानापर्यंत आणि परत. मध्यंतरी मला कोकण रेल्वेच्या पानवलच्या पुलाने पछाडलं होतं. रत्नागिरीजवळचा तो पूल चौसष्ट मीटर उंच आणि चारशे चोवीस मीटर लांब. माझ्या मापात तो जेवणाच्या टेबलाएवढा उंच होतो, पण लांबी पावणेपाच मीटरच्या वर जाते, आणि आमचा दिवाणखाना पावणेचारलाच संपतो. पुलाचं शेवटचं एक मीटर शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात निघालं असतं. शेजारी सज्जन आहेत, पण मी विचारलं नाही.

वळणांची गोष्ट त्याहून वाईट. ब्रॉडगेजवर जास्तीत जास्त तीव्र वळण म्हणजे एकशे पंच्याहत्तर मीटर त्रिज्येचं. माझ्या मापात ते दोन मीटर. म्हणजे गाडी नुसती एक गिरकी घेऊन परत यायला चार मीटरची खोली हवी. माझी वळणं छत्तीस सेंटिमीटरची आहेत. खऱ्या हिशेबात एकतीस मीटर, डेपोत शिरणाऱ्या एसटीला शोभणारी. आपला जुना निळा डबा एकवीस मीटरच्या वर लांब, माझ्याकडे तो साडेचोवीस सेंटिमीटरचा व्हायला हवा. तसा एक केलाही होता. वळणावर त्याचं पोट आत आणि चारी कोपरे बाहेर यायचे, आणि पहिल्याच फेरीत त्याने दोन सिग्नल, एक केबिन आणि चहाच्या टपरीसमोर बसलेला इसम आडवा केला. त्यानंतर माझे डबे आखूड असतात. आलेल्या पाहुण्यांनी खिडक्या मोजू नयेत एवढीच विनंती असते. चारच डबे का, असं मात्र कोणी हिणवलं तर माझ्याकडे उत्तर आहे: १९३० साली जूनच्या पहिल्या तारखेला डेक्कन क्वीन सुरू झाली तेव्हा तिलाही सातच डबे होते.

माथेरानची गाडी करा, तिची वळणं मुळातच आवळलेली, असं मला अनेकांनी सुचवलं. सल्ला बिनतोड आहे. नेरळहून १९०७ पासून दोन फुटी रुळांवर ती छोटी गाडी डोंगर चढते आहे आणि दिवाणाखाली तिचं चांगलं भागलं असतं. पण तिला सगळे आधीच 'टॉय ट्रेन' म्हणतात. खेळण्याचं खेळणं करायचं, हे मला पटेना.

शिवाय बोरघाटात मला पूर्वसूरी सापडले होते. तिथे गाडी सरळ चढवायला जागा पुरेना, म्हणून खंडाळ्याच्या अलीकडे इंजिनिअरांनी एक रिव्हर्सिंग स्टेशन केलं. गाडी आत यायची, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी आल्या तोंडाने मागे फिरून उरलेली चढण चढायची. १८६३ साली घाट सुरू झाल्यापासून पुढल्या शतकात नवा मार्ग होईपर्यंत हा प्रकार चालला. त्यांना डोंगर आडवा आला, मला दिवाणाचा पाय. मीही रिव्हर्सिंग स्टेशन केलं. जागेची टंचाई जाऊन तिच्या जागी एकदम इतिहास आला, आणि पाहुण्यांना सांगायला हे फार बरं पडतं.

घाटाचा चढ सदतीसात एक. हा आकडा वाचायला निरुपद्रवी वाटतो. एका रुळावरून दुसरा रूळ नेऊन खालून गाडी जाऊ द्यायची तर आठ सेंटिमीटर उंची लागते, आणि सदतीसात एकने आठ सेंटिमीटर चढायला सुमारे तीन मीटर लागतात. ते तीन मीटर मी फळीच्या कडेकडेने भिंतीवरच्या मुंगीसारखे नेले आहेत. तरी चार डबे घेऊन माझं इंजिन मध्यावर येतं आणि जागच्या जागी चाकं फिरवत बसतं. खऱ्या घाटात याला उपाय आहे: कर्जतला गाडी थांबते, मागून बँकर इंजिनं लागतात आणि ढकलत वर नेतात. त्या थांब्यावर कर्जतचा वडा मोठा झाला. मीही मागे एक बँकर लावला.

आणि तिथे माझी खरी रेल्वे सुरू झाली. दोन इंजिनं एकाच दुकानातून, एकाच दिवशी घेतलेली, पण त्यांचे स्वभाव वेगळे. पुढचं सावकाश निघतं, मागचं निघताच धावत सुटतं. चढावर मागच्याने रेटा दिला की मधला हलका डबा, ज्याचा या भांडणाशी काही संबंध नाही, तो कमरेत वाकून वर उठतो आणि दरीत पडतो. एकत्र कुटुंबात राहिलेल्या माणसाला हा डबा लगेच ओळखू येईल. मी त्याच्या पोटात दोन रुपयांची नाणी चिकटवून त्याला वजन दिलं. मग तो पडायचा थांबला, पण गाडी जड झाली आणि बँकर पुरेना. नाणी काढली. मागच्या इंजिनाचा वेग तारेत एक रोध घालून कमी केला, तर ते उतारावर लोढण्यासारखं मागे ओढायला लागलं. कपलिंगचा हूक कानशीने अर्धा मिलिमीटर घासला, तो सुटून जमिनीवर पडला, आणि जमिनीवर पडलेली वस्तू शोधण्यात या छंदाचा किती काळ जातो हे इथे लिहिलं तर कोणी याच्या वाटेला जाणार नाही. पोट जमिनीला लावून, गाल फरशीला टेकवून, मोबाइलची बॅटरी आडवी धरायची. वस्तूची सावली लांब पडते आणि ती सापडते. नाही सापडली, तर कामाच्या मावशी सोमवारी केरातून काढून देतात. "हे तुमचंच असंल," म्हणतात. आमच्या घरात जे काही ओळखू येत नाही ते माझंच असतं.

तर असं हे कर्जत. अकराच्या सुमाराला स्वयंपाकघरातून विचारणा होते, "अहो, कर्जत आलं का?" मी "बँकर लागतोय" म्हटलं की सौ. वड्यांचा पहिला घाणा तेलात सोडते. बँकर नीट लागून गाडी सुटेपर्यंत सगळे वडे तळून होतात, आणि कधी कधी खाऊनही.

डोंगर कसा केला, हे विचारणाऱ्यांचं मला हसू येतं. मराठी माणसाला डोंगर करायला शिकवावा लागतो का? दिवाळीच्या आधी अंगणात दगड रचले, वर जुनं पोतं टाकलं, चिखल थापला, हळीव पेरले, की चार दिवसांत हिरवा किल्ला. त्यावर सिंहासनावर बसलेले महाराज बुरुजापेक्षा उंच असायचे, पायथ्याशी उभा असलेला वाघ मावळ्याच्या दुप्पट आणि शेतकऱ्याची गाय दोघांच्या मधली. पण कुणाला कधी खटकलं नाही. एक सत्याऐंशीअंशाचा जाच तेव्हा नव्हता. माझा बोरघाट त्याच घराण्यातला. जुन्या वर्तमानपत्रांचे बोळे, वर फेव्हिकॉलमध्ये बुडवलेल्या कागदाच्या पट्ट्या, त्यावर प्लास्टर. माती म्हणून चहाचा चोथा, दोन उन्हं देऊन वाळवलेला. असा तपकिरी रंग मला कुठल्या डबीत मिळालेला नाही. झाडांसाठी घोसाळ्याची जाळी कातरून हिरव्या रंगात बुडवायची. रुळांखालची खडी म्हणजे चाळलेली वाळू. ती ब्रशने पसरायची, आणि मग फेव्हिकॉल पाण्यात पातळ करून, त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकून ड्रॉपरने सोडायचा. साबण नसेल तर गोंद वाळूवर मोत्यासारखा बसून राहतो, आत झिरपत नाही. हे कळायला मला दीड मीटर रूळ उखडावा लागला.

माणसांची मात्र अडचण झाली. एचओ मापाची माणसं जर्मनीहून येतात. पावणेदोन-दोन सेंटिमीटरची, सुबक, महाग आणि सगळी थंडीने गारठलेली. ओव्हरकोट, हॅट, हातात सूटकेस, साखळीला कुत्रा. कर्जतला भर मे महिन्यात ओव्हरकोट! मी भिंग लावून, तीन केसांच्या ब्रशने त्यांचं धर्मांतर नव्हे पण देशांतर केलं. हॅटची गांधी टोपी झाली. कोटाखालून पांढरं धोतर काढलं. एका सोनेरी केसांच्या युवतीला नऊवारी रंगवली, तर ती इतकी खानदानी दिसायला लागली की तिला फलाटावर एकटी उभी करणं बरं वाटेना. मग तिच्यासाठी एक सासरा रंगवावा लागला. तरी गर्दी होत नाही. तेवीस माणसांत आपल्याकडचा फलाट म्हणजे संप वाटतो.

आता एक कबुली. वर्षातून दोन-तीनदा असं होतं की रूळ स्वच्छ असतात, सांधे बरोबर बसतात, दोन्ही इंजिनांचं जमतं आणि गाडी कर्जतहून सुटून रिव्हर्सिंग स्टेशनात तोंड फिरवून खंडाळ्याला पोचते. परत येते. पुन्हा जाते. पाहुणे टाळ्या वाजवतात. तिसऱ्या फेरीला मी टीव्हीकडे बघायला लागतो. कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ पासून लोकांसाठी खुलं. तिथे अख्खं शहर वसवलेलं, मधून गाड्या धावतात, दिवे मंदावून रात्र होते, खिडक्या उजळतात, काहीही अडत नाही. मी प्रत्येक वेळी भारावून बाहेर पडतो आणि घरी येऊन आपला चांगला चाललेला खंडाळा उचकटून पुन्हा बांधायला घेतो.

माझ्या एका शाळासोबत्याला हे कळत नाही. तो बोटवाला. आम्ही त्याला कप्तान म्हणतो. त्याचं म्हणणं, "तुझी गाडी कुठे जात नाही रे. गोल फिरून जिथली तिथे." माझं म्हणणं, परत येते हाच तिचा गुण. या वादाला साठ वर्षं झाली, कारण त्याची सुरुवात आमच्या कोकणातल्या घराच्या मागच्या पाटावर झाली.

पावसाळ्यात आम्ही केळीच्या सोपाच्या होड्या सोडायचो, त्यात मधोमध काडी, काडीला फणसाच्या पानाचं शीड. त्या जायच्या त्या जायच्याच, त्यांचं दुःख नसे. पण एका जत्रेत मला फटफट करणारी पत्र्याची बोट मिळाली. लाल-पिवळी, वीतभर. आत पातळ पत्र्याची चपटी डबी, डबीपासून मागे पाण्यात उघडणाऱ्या दोन नळ्या, आणि डबीखाली ठेवायला तेलाची इवलीशी वात. वातीने डबीतल्या पाण्याची वाफ होते, वाफ नळ्यांतलं पाणी मागे ढकलते, तिथे थंड होऊन आकसते, पाणी परत आत येतं, पुन्हा वाफ. प्रत्येक वेळी डबीचा पत्रा आतबाहेर होऊन 'फट' वाजतो. गंमत अशी की पाणी बाहेर जाताना सरळ धार धरून जातं आणि आत येताना चहूकडून गोळा होऊन येतं. म्हणून बोट मागेपुढे न करता पुढेच जाते. हे सगळं मला मोठेपणी कळलं. तेव्हा एवढंच कळत होतं की घंगाळात ती गोल गोल फिरते आणि पुन्हा हाताशी येते. चार दिवस मी तिला घंगाळात फिरवली. पाचव्या दिवशी कप्तान म्हणाला, "हिला पाटात सोड, बघू कशी जाते." ती गेली. पोफळींच्या मधून, फट फट फट, वात पेटलेली. गड्याच्या खोपीपाशी पाट वळून शेजारच्या आगरात शिरतो, तिथे ती वळली आणि आवाज बारीक होत गेला. आम्ही कुंपणापर्यंत धावलो. आजी म्हणाली, "गेली ती मुंबईस. आता चाकरी बघेल."

मला वाटतं मी त्या दिवशी रेल्वेवाला झालो. कप्तान बोटवाला झाला तोही त्याच दिवशी. त्याला अजून ती पाठीमागून बघितलेली वात आठवते.

निवृत्तीनंतर त्याने 'निलगिरी'चं मॉडेल बांधायला घेतलं. खरी निलगिरी म्हणजे माझगाव गोदीत बांधलेली फ्रिगेट, १९७२ साली नौदलात आली. देशात बांधलेली ही पहिली मोठी युद्धनौका. एकशे तेरा मीटर लांब. शंभरात एक या मापाने एकशे तेरा सेंटिमीटर. भागाकार सोपा म्हणून तो माझ्या सत्याऐंशीला हसतो. पण पाण्यात उतरणाऱ्या वस्तूला लांबीचा हिशेब पुरत नाही. लांबी शंभरपट कमी केली की रुंदी आणि उंचीही तेवढ्याच कमी होतात, म्हणजे वजन दहा लाखपट कमी व्हायला लागतं. निलगिरी सुमारे तीन हजार टनांची. ती तीन किलोची व्हायला हवी. दोनची झाली तर बुचासारखी वर तरंगते, चारची झाली तर पाण्यात फार खोल बसते. गृहिणी डाळ निवडते तसा कप्तान ग्रॅम निवडतो. फायबरचा सांगाडा, दोन मोटरी, बॅटरी, रिमोटचा रिसीव्हर, रंगाचे थर, सगळं वाण्याच्या काट्यावर. शिल्लक राहतं तेवढं शिसं, तेही अगदी तळाशी, कारण रडार, डोलकाठी, तोफ ही सगळी मंडळी वरच्या मजल्यावर राहतात आणि वाऱ्याची झुळूक आली की होडीला एका कुशीवर झोपवतात.

वेगाचंही तसंच. विल्यम फ्रूड नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १८७२ च्या सुमाराला टॉर्की गावी लांबलचक हौद बांधून त्यात जहाजांची मॉडेलं ओढून बघितली आणि नियम सांगितला: लाटा खऱ्यासारख्या उठायला हव्या असतील तर वेग मापाच्या वर्गमुळाने कमी करा. शंभराचं वर्गमूळ दहा. निलगिरीचा वेग अठ्ठावीस नॉट, तासाला बावन्न किलोमीटर. म्हणून मॉडेलने तासाला पाच किलोमीटर जावं. सकाळी फिरायला निघालेल्या निवृत्त गृहस्थाचा वेग. कप्तानला हे फार आवडलं. तो काठाने चालतो, नौका बरोबरीने पाण्यातून चालते, दोघं एकमेकांकडे बघत जातात.

आम्हाला वेडे म्हणणाऱ्यांना मी खडकवासल्याकडे बोट दाखवतो. तिथल्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात १९१६ पासूनच्या परंपरेने बंदरांची, धरणांची, नद्यांची मॉडेलं बांधून त्यात पाणी सोडतात, लाटा उठवतात, भरती-ओहोटी आणतात. शंभरात एक मापात भरतीचं सव्वाबारा तासांच्या वरचं चक्र फ्रूडच्या हिशेबाने सव्वा तासात उरकतं. त्या माणसांना या खेळाचा पगार मिळतो, फरक एवढाच.

पाणी मात्र लहान करता येत नाही. होडीवर पडलेला थेंब थेंबाएवढाच राहतो, आणि शंभरपट हिशेबाने डेकवर कलिंगडं सांडल्यासारखी दिसतात. कप्तान टिपकागद घेऊन फिरतो.

गेल्या जानेवारीत आम्ही निलगिरी पाण्यात उतरवली. पुण्याबाहेर त्याच्या मेव्हण्याचं शेत, शेतात काळा प्लॅस्टिकचा कागद अंथरलेलं शेततळं. पूर्ण नौका तयार होती, फक्त मागच्या हेलिपॅडवर हेलिकॉप्टर नव्हतं. खऱ्या निलगिरीवर चेतक असायचं. कप्तानने चारदा केलं आणि चारदा त्याचं पातं मोडलं, कारण शंभरात एकचं पातं म्हणजे केसच. "पुढच्या खेपेला," तो म्हणाला.

पहिल्या दोन फेऱ्या अशा झाल्या की मी माझी सगळी मतं मागे घ्यायला निघालो होतो. नाळेला बारीक पांढरी मिशी फुटली होती. तिसऱ्या फेरीत, बरोबर तळ्याच्या मध्यावर, नौका गप्प झाली. रिमोटची दांडी पुढे, मागे, काही नाही. आतली एखादी पिन सुटली असणार. दोन्ही मोटरी बंद, तीन किलोचं आरमार पाण्यात उभं.

माझ्या गाडीचं असं झालं तर मी हात लांब करतो. इथे हात लांब करून उपयोग नव्हता. पोहायला कप्तानला येत नाही, मला येतं पण त्या बुळबुळीत कागदावरून उतरलेला माणूस परत वर येत नाही, असं मेव्हण्याने आधीच बजावलं होतं. टेनिसच्या चेंडूला गळाची दोरी बांधून फेकली. दोरी सुटली आणि चेंडूही तळ्यात जाऊन बसला. आता दोन जिनसा अडकल्या. बांधावरून बघत असलेला शेतावरचा गडी हळूच म्हणाला, "साहेब, हिच्यानं मासं धरत्यात व्हय?"

"वारा दुपारी फिरतो," कप्तान म्हणाला आणि आंब्याखाली पंचा अंथरून बसला. डबा सोडला. भाकरी, पिठलं, कांदा. मी घड्याळ बघत होतो. पावणेबारा. साडेबारा. तळ्यावर वाऱ्याची एक रेघ नाही. मी त्याला तीनदा सांगितलं की रात्री इथेच राहावं लागेल. तो दुसरी भाकरी मोडत होता. "अरे, येते ना. तळ्याला दुसरं दार कुठाय?" एवढं बोलून तो चक्क आडवा झाला, आणि थोड्या वेळाने मीही.

अडीचच्या सुमाराला आंब्याची पानं हलली. तळ्यावर सुरकुती उठली आणि निलगिरी कुशीवर जरा कलली, मग आडवी, अगदी अनिच्छेने, आमच्या बाजूला सरकायला लागली. फ्रूडच्या नियमात न बसणाऱ्या वेगाने. तिला काठाशी यायला चाळीस मिनिटं लागली. आम्ही दोघं उकिडवे बसून बघत होतो.

हातभर अंतरावर आली तेव्हा दिसलं, मागच्या हेलिपॅडवर, बरोबर पांढऱ्या वर्तुळात, एक चतुर बसलेला. निळसर, चारी पंख सपाट पसरून, शेपटी नौकेच्या शेपटीकडे.

कप्तानने डोळे बारीक केले. "सहा सेंटिमीटर," तो कुजबुजला. "चेतकला दहा लागतात." पण नौका ओढायला पुढे केलेला हात त्याने मागे घेतला.